कायदा, कूळ आणि अर्ज

देवराज अर्स म्हटले की १९७३ साली म्हैसूर राज्याचे कर्नाटक झाले, एवढेच आपण परीक्षेपुरते पाठ करतो. मला मात्र १ मार्च १९७४ हा दिवस मोठा वाटतो. अर्स मुख्यमंत्री असताना सुधारित जमीन कायद्याने त्या दिवशी कुळांकडील जमिनी सरकारकडे आल्या; मालकीसाठी कुळाने तालुक्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा होता. माझे आजोबा कूळ होते, निरक्षर होते. शेजारच्या शिकलेल्या मुलाने अर्ज लिहिला, म्हणून शेत नावावर झाले. ज्यांना असा शेजारी नव्हता, त्यांचे काय झाले असेल?

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांना सरकारी नोकरी हवी आहे. कायदा विधानसभेत होतो, पण तो पोचतो कचेरीतल्या टेबलावरून. त्या टेबलामागे बसाल तेव्हा समोरच्याचा अर्ज लिहून द्या. माझ्या मते लोकसेवा ती हीच.