टाचेवर टाच

दिवाळीचा फराळ संपतो आणि पळणाऱ्यांना जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची आठवण होते. पावसाळाभर आठवड्याला पंधरा-वीस किलोमीटरवर समाधानी असलेली मंडळी एकदम चाळिसाला हात घालतात, टेकडीचा चढही त्याच आठवड्यात सुरू करतात, आणि मग एका सकाळी पलंगावरून पाय फरशीला टेकताच टाचेत दाभण शिरल्यासारखी कळ येते. भिंत धरून न्हाणीघर गाठावं लागतं. दहा-वीस पावलांत कळ ओसरते, म्हणून माणूस बूट चढवून पुन्हा बाहेर पडतो. संध्याकाळी ती परत येते, सोबत घरच्यांचं 'तरी सांगत होतो' घेऊन.

अशाच एका रविवारी, धाव संपून पोह्यांच्या बशा फिरत असताना, पुण्यातल्या एका गटापुढे एका ज्येष्ठ सल्लागारांनी या दुखण्याचा निकाल लावला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: टाच दुखते, कारण टाचेचं हाड वाढतं. वाढलेलं हाड पावलागणिक आत टोचतं. तेव्हा फोटो काढा, हाड दिसलं की धावणं बंद करा, सहा महिने पाय वर घेऊन बसा, मऊ चप्पल घाला. आणि चाळिशी उलटलेल्या माणसाला हे मॅरेथॉनचं खूळ हवंच कशाला? ते याहून बरंच बोलले. त्यातलं जे बरोबर होतं ते जागेअभावी इथे गाळलं आहे.

समोर बसलेल्यांत प्रस्तुत लेखकही होता, डाव्या टाचेखाली गार पाण्याची बाटली फिरवत. त्या टाचेचं हाड 'वाढल्याचा' फोटो त्याच्याकडेही आहे. गंमत अशी, की तसाच काटा त्याच्या उजव्या टाचेलाही आहे आणि ती टाच आयुष्यात एकदाही दुखलेली नाही. फोटो वाचणाऱ्याच्या हे नजरेला आणून दिल्यावर उत्तर मिळालं, "तीही दुखेल." वैद्यकाला ज्योतिषाची शाखा असते, हे तेव्हा कळलं.

या हाडाशी जरा सविस्तरच भांडायला हवं. रोंटगेन यांनी क्ष-किरण शोधले ते १८९५ च्या नोव्हेंबरात. पाचच वर्षांत, १९०० साली, प्लेटनर या जर्मन डॉक्टरांनी टाचेच्या हाडाला फुटलेल्या या काट्याचं बारसं केलं. नवं यंत्र हाती आलेलं, यंत्राला दिसतं ते हाड, दुखऱ्या टाचेत हाडाचा काटा दिसला. झाला की गुन्हेगार मुद्देमालासह हजर! तळपायाचे मऊ भाग त्या फोटोत नीट उमटतच नाहीत, त्यामुळे त्यांची साधी चौकशीही झाली नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तर काही डॉक्टर या काट्याचा संबंध परम्याशी जोडत. नुसती टाच दाखवायला गेलेल्या सभ्य गृहस्थांच्या घरी त्या निदानानंतर कोणते संवाद झाले असतील, कोण जाणे.

मुळात हा काटा टोचणार कसा? तो जमिनीकडे तोंड करून बसलेला खिळा नव्हे. बाजूने काढलेला फोटो नीट पाहिला तर तो टाचेच्या तळाशी, बोटांच्या दिशेने आडवा गेलेला दिसतो. प्रत्यक्ष पाय उघडून पाहिलेल्या अभ्यासकांना तर तो अनेकदा तळपायाच्या दुखऱ्या पट्टीत सापडलेलाच नाही. पट्टीच्या वरच्या अंगाला, बोटं वाकवणाऱ्या छोट्या स्नायूच्या उगमापाशी सापडला आहे. ज्याला टोचण्याचा आरोप आहे, तो घटनास्थळी नव्हताच.

सल्लागारांच्या बाजूचा एक पुरावा मात्र द्यायलाच हवा, नाही तर ते म्हणतील लपवला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत टाच दुखणारे १९ आणि न दुखणारे १९ अशा लोकांचे फोटो शेजारी ठेवले गेले. दुखणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांना काटा होता, न दुखणाऱ्यांपैकी ३२ टक्क्यांना. आकडा सल्लागारांना गोड वाटेल. पण त्या दुसऱ्या गटातल्या, काटा घेऊन निवांत हिंडणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या माणसाचं काय करायचं? वर्षानुवर्षं ताण सोसलेल्या जागी काटाही फुटतो आणि दुखणंही उपटतं. दोघं एका घरात राहतात, एवढ्यावरून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही. आणि सगळ्यात अडचणीची गोष्ट अशी, की दुखणं जातं तेव्हा काटा बरोबर जात नाही. बऱ्या झालेल्या माणसाचा फोटो काढा, हाड जिथल्या तिथे असतं. कारण तिथेच ठाण मांडून बसलेलं आणि परिणाम मात्र पसार, असं हे निदान आहे.

दुखते ती एक पट्टी: प्लांटर फॅशिया. टाचेच्या हाडाच्या तळाला, आतल्या बाजूला ती सुरू होते आणि पंख्यासारखी पसरत बोटांच्या मुळाशी जाते. हिक्स या ब्रिटिश संशोधकांनी १९५४ साली तिचं काम समजावून सांगितलं आणि त्यासाठी उपमा घेतली ती रहाटाची. विहिरीवरचा रहाट फिरला की दोर गुंडाळला जातो, आखडतो आणि पोहरा वर येतो. तसंच पाऊल पुढे टाकताना बोटं वर वळली की ही पट्टी बोटांच्या मुळाभोवती गुंडाळली जाते, ताणली जाते आणि तळपायाची कमान उचलते. धावताना पावलाखालच्या जमिनीला वजनाच्या दुपटी-तिपटीचा दाब झेलावा लागतो, आणि एका तासात हा रहाट काही हजार वेळा फिरतो. महिन्याभरात काम दुप्पट केलं तर दोर कुरकुरणारच. हार्वे लेमाँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ५० शस्त्रक्रियांमधले ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यांना दाह दिसला नाही, दिसली ती झीज आणि विस्कटलेले तंतू. दुखण्याचं नाव 'प्लांटर फॅशिआयटिस', त्यातल्या 'आयटिस'चा अर्थ दाह, आणि आत दाहाचा पत्ता नाही! जुनाट टाचदुखीवर महिनोन्महिने सूज उतरवणाऱ्या गोळ्या खाणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

आता आरामाबद्दल. न्यायालय कर्जदाराच्या घरावर टाच आणतं, सल्लागारांनी थेट टाचेवरच टाच आणली. सहा महिने पाय वर घेऊन बसल्यावर दुखणं कमी होतं यात शंका नाही. विहिरीवर कोणी फिरकलंच नाही तर दोर कुरकुरणार कसा? पण त्या सहा महिन्यांत पोटरी आणि तळपायाचे स्नायू दुबळे होतात, पट्टीची ताण सोसायची सवय मोडते. सातव्या महिन्यात माणूस हुरूप येऊन पाच किलोमीटर धावतो, आणि आठवड्याभरात पुन्हा भिंत धरून न्हाणीघर.

'मॅरेथॉनच्या खुळा'ला एकच ओळ पुरे: या दुखण्याला इंग्रजीत पूर्वी 'पोलिसाची टाच' म्हणत, आणि चौकात तासन्‌तास उभं राहणारा हवालदार काही पदकासाठी उभा नसतो.

मऊ चप्पल? घाला. घरातल्या चकचकीत फरशीवर अनवाणी फिरण्याचा आपला शिरस्ता दुखऱ्या टाचेला मानवत नाही, एवढं सल्लागारांचं खरं आहे. मात्र चपलेनं दिलासा मिळतो, पट्टी बळकट होत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे सुख लागतं, पण पट्टी फाटण्याचा धोका त्याला चिकटलेला आहे. आजीची तापलेली वीट आणि रुईचं पान निदान इंजेक्शनइतकी बढाई तरी मारत नाहीत.

इथे एका जुन्या भांडणाची खपली निघते. दहा-बारा वर्षांपूर्वी हेच गट नेमकं उलटं सांगणाऱ्यांनी भारून टाकले होते. बूट हेच पापाचं मूळ, ते फेका, अनवाणी धावा, टाच आपोआप बरी होईल. ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं 'बॉर्न टू रन' २००९ साली आलं होतं, आणि पुस्तकाची सुरुवातच आपला पाय का दुखतो या प्रश्नाने होते, म्हणून पाय दुखणाऱ्या सगळ्यांना ते आपलंच वाटलं. पुरावा म्हणून अबेबे बिकिला यांचं नाव यायचं: १९६० च्या रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन अनवाणी जिंकलेले इथिओपियाचे धावपटू. चार वर्षांनी टोकियोत तेच बिकिला बूट घालून धावले, पुन्हा जिंकले, आणि तेही अधिक वेगाने, हा भाग सांगताना मात्र वक्त्यांचा घसा बसायचा. बारामतीच्या लता भगवान करे यांचंही उदाहरण असंच वापरलं गेलं. नवऱ्याच्या उपचारांसाठी बक्षिसाची गरज होती म्हणून नऊवारी नेसून त्या अनवाणी धावल्या. त्यांच्या नाइलाजातून पादत्राणशास्त्राचा सिद्धांत काढणाऱ्यांना काय म्हणावं? त्या लाटेत बूट फेकलेल्या कित्येकांच्या पोटऱ्या आणि टाचा पहिल्याच महिन्यात धरल्या. आजचे सल्लागार त्या वेळी कोणत्या बाजूला होते, हे विचारायचं राहून गेलं.

मग करायचं काय, असा प्रश्न पोह्यांच्या दुसऱ्या बशीबरोबर आलाच. उत्तर फार चमकदार नाही. डेन्मार्कमध्ये राथलेफ आणि सहकाऱ्यांनी ४८ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाने तळपाय ताणायचा व्यायाम केला, दुसऱ्याने वजनाचा. वजनाचा म्हणजे असा: जिन्याच्या पायरीवर टॉवेलची गुंडाळी, तिच्यावर बोटं वर वळतील अशी ठेवायची, टाच पायरीबाहेर अधांतरी. एका पायावर तीन सेकंदांत वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. सुरुवातीला बारा-बाराच्या तीन फेऱ्या, दिवसाआड. पुढे पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक चढवायची, आकडा कमी आणि फेऱ्या जास्त. बोटं वर वळवायची ती कशासाठी, हे रहाट समजलेल्याला सांगावं लागत नाही. तीन महिन्यांनी वजनवाला गट स्पष्टपणे पुढे होता. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे झाले, हे सल्लागारांच्या कानी जाऊ नये. तरी नऊ महिने आधी नीट चालता येणं ही काही लहान कमाई नव्हे.

ताणण्याचा व्यायाम म्हणून टाकून द्यायचा नाही. पलंगावरून उतरण्याआधी पाय मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, दहा मोजायचे, असं दहा वेळा. धावणं बंद करण्याऐवजी उतरवायचं: चढ आणि वेग आधी गाळायचे, सपाट रस्त्यावर थोडंच धावायचं, आणि निवाडा दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या पावलावर सोपवायचा. ते पाऊल कालच्यापेक्षा जास्त दुखलं तर कालचं अंतर जास्त होतं. बहुतेकांची टाच वर्षभरात शस्त्रक्रियेविना बरी होते. टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर कळ आली, रात्री झोपेतही ठणकली, मुंग्या आल्या किंवा पाऊल बधिर झालं, किंवा तरुण वयात दोन्ही टाचांबरोबर सकाळी पाठही आखडत असली, तर मात्र टॉवेल गुंडाळून ठेवून डॉक्टर गाठावेत. हाडाला बारीक चीर गेली असेल तर सल्लागारांचा आराम खरोखरच लागतो. त्यांच्या वाट्याला एवढा एक रुग्ण सोडायला हरकत नाही.

प्रस्तुत लेखकाचा टॉवेल सध्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात असतो. सकाळी सहा वाजता, पाठीवर दप्तर अडकवून, एका पायावर, कठड्याला हात लावून तो वर-खाली होतो आणि एकही पायरी चढत नाही. चौथ्या मजल्यावरचे काका दूध घेऊन येताना रोज थांबून बघतात. परवा त्यांनी न राहवून विचारलं, "काय हो, लिफ्ट बंद आहे का?"