निळी रेघ

रिंग म्हटली की मला आमच्या शाळेचे मैदान आठवते. दोन वेण्या वर बांधायच्या, जाळीपलीकडून आलेली रबरी रिंग झेलायची नि लगेच परतवायची! गेल्या डिसेंबरात लेकीकडे कॅनडात, ऑटावाला गेले, तेव्हा कळले की तिकडे बर्फावरही रिंग खेळतात. खेळाचे नाव रिंगेट. ऑन्टारिओतल्या नॉर्थ बे इथल्या सॅम जॅक्स नावाच्या गृहस्थांनी १९६३ साली तो मुलींसाठी काढला.

आमची नात मिनू नऊ वर्षांची. पुणे सोडून तिला जेमतेम चार महिने झाले होते. शाळेतून यायची ती मुकाट्यानेच. मैत्रीण म्हणून एक नाही. म्हणून लेकीने तिचे नाव या खेळात घातले.

पहिल्या दिवशी तिला सजवायलाच अर्धा तास लागला. पायांत स्केट्स, कोपरांना नि नडग्यांना जाड पट्टे, डोक्याला जाळीचे हेल्मेट. हातात सरळसोट काठी. तिचे टोक निळ्या रिंगेत खुपसायचे नि रिंग पळवायची. पण पहिला धडा रिंगेचा नव्हताच. तो होता पडून उठण्याचा! गुडघ्यांवर या, एक पाय रोवा, मग उठा. मिनू उठे नि पुन्हा पडे. घरी येऊन रडवेली होऊन म्हणाली, "आजी, मी नाही जाणार परत."

"बरं, नको जाऊस. पण एकदाच माझ्यासाठी चल. मला खेळ कळलाच नाही गं!"

पुढच्या खेपेस तिच्या बाईंनी मला समजावले. दोन्ही बाजूंना सहा-सहा खेळाडू. धक्काबुक्की नाही. बर्फावर दोन निळ्या रेघा. खेळाडू कितीही पटाईत असो, रिंग घेऊन तिने एकटीने रेघ ओलांडायची नाही. पलीकडच्या सोबतिणीकडे रिंग द्यायलाच हवी.

एवढ्यात एक उंच मुलगी रेघेशी थबकली. पलीकडे मिनूखेरीज कोणीच नव्हते.

"मिनू!"

चार महिन्यांत परक्या मुलीने मारलेली ती पहिली हाक! मिनूने रिंगेत काठी खुपसली नि धाडकन आपटली. मी उठून उभी राहिले. पण ती गुडघ्यांवर आली, एक पाय रोवला नि उठली.

परतताना गाडीत म्हणाली, "आजी, शनिवारी येशील?"

"अगं, आता कळला मला खेळ."

"मग मला बघायला ये."