तीन ढांगा आत

गेल्या रविवारी साताऱ्याजवळ टेनिस बॉलची मॅच दिसली आणि गाडी आपोआप थांबली (निघालो होतो सांगलीला लग्नाला, जेवणाची शेवटची पंगत मिळाली, घरचं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळं). फक्कीची सीमारेषा थेट दगडी कंपाउंडला चिकटलेली. एक पोरगं चेंडूमागे सुसाट सुटलं आणि शेवटच्या चार पावलांत त्याची नजर चेंडूवरून भिंतीवर गेली. चौकार! ट्रॉलीवरचा कॉमेंटेटर ओरडला, ‘अरे, जीव टाकायचा होता!’ टाकलाच असता बाबा, तोही कायमचा. आयसीसीच्या सामन्यांत दोर कुंपणापासून किमान ३ यार्ड, म्हणजे ९ फूट आत लागतो. आयोजकांपैकी एकाला हे सांगितलं, तर म्हणाला, ‘सिक्स स्वस्त होतील, बॉलरवर अन्याय.’ कसला अन्याय? दोर दोन्ही डावांत तिथंच असतो. अन्याय आत्ता होतोय, भिंतीच्या भीतीनं फुकटात चौकार जातोय तो. आंतरराष्ट्रीय सामन्यांत पुरुषांची सीमारेषा ६५ ते ९० यार्डांवर, महिलांची ६० ते ७०. म्हणून सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधनाच्या षटकाराला स्वस्त म्हणून दाखवा, तेही सांगलीत उभं राहून! तेव्हा मंडळी, पुढच्या स्पर्धेला फक्कीचं पोतं फोडण्याआधी भिंतीपासून तीन लांब ढांगा आत मोजा.