सचंद्र अभ्रक आणि आयुर्वेदाचे नाव

गेल्या काही वर्षांत कोल्हापुरात महाद्वार रोड आणि राजारामपुरीतील सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानांत चकाकणाऱ्या आय शॅडोच्या डब्या आणि गालांवर उजाळा आणणाऱ्या लिक्विड हायलायटरच्या कुप्या यांनी काउंटरचा मोठा भाग व्यापला आहे. लग्नसराईत तेथे मुलींची दाटी असते. प्रत्येक जण मनगटावर, पापणीवर, गालफडावर एकेक छटा लावून पाहत असते. हा विषय वैद्यांच्या त्रैमासिकाचा नव्हे, असे काही व्यवसायबंधूंना वाटेल. परंतु त्या डबीतील मुख्य चकाकणारे द्रव्य आपल्या नित्य परिचयाचे आहे, आणि आता त्याच द्रव्याच्या निमित्ताने आयुर्वेदाचे नावही तिच्यावर छापले जाऊ लागले आहे. म्हणून याविषयी आमचे मत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

डबीमागील बारीक अक्षरांतील यादी वाचावी. तीत बहुधा ‘मायका’ अथवा ‘सी.आय. ७७०१९’ असा उल्लेख आढळतो. मायका म्हणजे अभ्रक. जुन्या इस्त्रीच्या पोटात ज्याचा पापुद्रा असे, तेच हे खनिज. प्रसाधनासाठी पांढरे अभ्रक दळून त्याचे अतिसूक्ष्म पत्रे करतात आणि प्रत्येक पत्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइड (सी.आय. ७७८९१) किंवा लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप देतात. लेपाच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून मोत्यासारखी झाक उत्पन्न होते. लेपाची जाडी बदलली की सोनेरी, गुलाबी, निळसर अशी छटा बदलते. ही युक्ती विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. त्यापूर्वी ही झाक माशांच्या खवल्यांपासून काढीत. अलीकडे प्रयोगशाळेत घडविलेले कृत्रिम अभ्रकही वापरात आहे.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. रसरत्नसमुच्चयकारांनी महारसांच्या गणनेत अभ्रकाला पहिले स्थान दिले. पिनाक, नाग, मण्डूक आणि वज्र असे त्याचे चार प्रकार सांगून, अग्नीवर ठेवले असता जे विकार पावत नाही ते वज्राभ्रकच औषधाला घ्यावे, असा दंडक घातला. त्यातही रसायनकर्मासाठी कृष्णवर्णी अभ्रक श्रेष्ठ मानले. शोधन करावे, साळीसह कांबळ्यात बांधून कांजीत भिजवून, मर्दून धान्याभ्रक करावे, मग पुटांमागून पुटे द्यावीत. शतपुटी आणि सहस्रपुटी ही नावे त्या श्रमांचीच साक्ष देतात. आणि एवढे करून परीक्षा कोणती? भस्म बोटांच्या चिमटीत घेऊन सूर्यप्रकाशात पाहावे, चंद्रिका म्हणजे चमक तिळभरही दिसता कामा नये. निश्चंद्र झाल्यावाचून अभ्रक पोटात देऊ नये, सचंद्र अभ्रक विषासमान होय, असे ग्रंथकार बजावतात. रसशाळेतील नवशिक्या विद्यार्थ्यालाही ही परीक्षा तोंडपाठ असते.

म्हणजे ज्या चंद्रिकेचा नाश करण्यासाठी आपल्या रसशाळा गोवऱ्यांचे ढीग जाळतात, तीच चंद्रिका प्रसाधनाच्या डबीत विकली जाते.

यात प्रसाधनाचा दोष काही नाही. शास्त्रातील विषवचन आभ्यंतर प्रयोगाविषयीचे आहे. अखंड त्वचेवर शुद्ध अभ्रक निरुपद्रवी असते, हे आम्ही निःसंकोचपणे मान्य करतो. सचंद्र अभ्रकाचे वचन दाखवून एखाद्या मुलीला घाबरविणे हा शास्त्राचा दुरुपयोग ठरेल. नटण्याची हौस आम्हांस निषिद्ध वाटत नाही. ज्या नगरीत १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, त्या नगरीला रंगभूषेचे वावडे असण्याचे कारणच नाही.

आमचा आक्षेप निराळा आहे. लहानमोठ्या आयुर्वेदिक फार्मसींकडे सध्या असे प्रस्ताव येतात की, तयार शिमर आणि हायलायटर आम्ही पुरवतो, आपण केवळ आपले लेबल लावावे. त्यात चार थेंब कुंकुमादि तेल, थोडा कोरफडीचा गर घातलेला असतो. शंका घेतली की उत्तर तयार असते : ‘अभ्रक तर तुमच्याच ग्रंथांत आहे!’ हा युक्तिवाद आम्हांस सर्वथा अमान्य आहे. ग्रंथांत आहे ते मारित, निश्चंद्र, बहुधा कृष्ण वज्राभ्रक. डबीत आहे ते अमारित, सचंद्र, श्वेत आणि टायटॅनियमचा लेप चढविलेले. दोहोंत नावापलीकडे साम्य नाही. अभ्रकभस्माची पुण्याई त्याच्या नामसाधर्म्यावर उधार देता येत नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही फार्मसीचालकांनी सावध असावे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याच्या कलम ३ मधील व्याख्येनुसार आयुर्वेदिक पेटंट अथवा प्रोप्रायटरी औषधात, पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांच्या योगांमध्ये उल्लेखिलेलीच घटकद्रव्ये असावी लागतात. कृत्रिम अभ्रक, सिलिकोन किंवा टायटॅनियमचा लेप हे कोणत्या ग्रंथातील कोणत्या योगात दाखविणार? असे उत्पादन करावयाचेच असेल, तर ते सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० यांच्या चौकटीत, सौंदर्यप्रसाधन म्हणूनच करावे. त्या नियमांत रंगद्रव्यांतील शिशाला दशलक्ष भागांत २० आणि आर्सेनिकला २ भाग अशी मर्यादा आहे. खनिज रंगद्रव्यांत हे धातू निसर्गतःच अल्पांशाने येऊ शकतात. तेव्हा प्रत्येक घाण्याचा तपासणी अहवाल पुरवठादाराकडून मागून घेणे यात संकोच कसला? भस्मांतील जड धातूंवरून आपल्यावर टीका होते तेव्हा आपण अहवाल पुढे करतो. मग दुसऱ्याचा माल आपल्या नावाने विकताना तो नुसत्या विश्वासावर का घ्यावा?

आता चिकित्सालयातील गोष्ट. लग्नसराईनंतर पापण्यांना कंडू, शोथ, डोळ्यांतून स्राव आणि खुपल्याची भावना घेऊन येणाऱ्या तरुणी आपल्यापैकी बहुतेकांच्या पाहण्यात असतील. अभिष्यंद म्हणून आश्चोतन सुरू करण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : डोळ्यांना काय लावले, आणि ते कोणाकोणाचे होते? पापणीची त्वचा अवघ्या शरीरात सर्वांत पातळ. भुकटी सुटून पापणीच्या आत गेली तर अभ्रकाचे कण टोचतात. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणारीस तर अधिकच. हस्तकलेच्या दुकानातील प्लास्टिकची चमकी पापणीवर चिकटविण्याचा प्रकारही आढळतो, तो सर्वथा वर्ज्य सांगावा. द्रवरूप हायलायटरची अडचण वेगळी. त्यात पाणी असते म्हणून परिरक्षक असतो, परिरक्षकाने आणि सुगंधाने काहींच्या त्वचेला बाधा होते. आणि कुपीचा थेंबनळा गालाला टेकवून पुन्हा आत घातला की परिरक्षकही थकतो.

सर्वांत मोठा धोका मात्र ‘लावून पाहण्या’त आहे. दुकानातील नमुन्याची डबी आणि स्पंजची एकच काडी दिवसभर कितीतरी डोळ्यांवरून फिरते. काही पार्लरमध्येही हीच रीत. वाग्भटांनी अंजनाची शलाका किती लांब, तिची टोके कळीच्या आकाराची कशी असावीत, ती कोणत्या द्रव्याची, इतका सूक्ष्म विचार केला. डोळ्याला लागणाऱ्या साधनाविषयीची ही दक्षता आपण रुग्णांना सांगितली नाही तर कोण सांगणार? नमुना पापणीवर कदापि लावू नये, हातावर पाहावा. आवडली ती छटा विकत घेऊन कोपराच्या आतील बाजूस किंवा कानामागे लावावी आणि एक-दोन दिवस वाट पाहावी. लग्नाच्या दिवशी प्रथमच काही लावू नये. डोळे आलेले असताना वापरलेली डबी टाकून द्यावी. स्वस्ताईचा मोह येथे परवडत नाही.

मुखालेपाविषयी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात बाविसाव्या अध्यायात जे सांगितले आहे, तेही या संदर्भात आठवते. दोषघ्न, विषघ्न आणि वर्ण्य असे तीन लेप, त्यांची अंगुलाच्या चतुर्थांश, तृतीयांश आणि अर्ध्या भागाइतकी जाडी, लेप सुकू न देण्याची ताकीद, ओला करूनच काढण्याची आणि नंतर अभ्यंग करण्याची रीत. वर्ण्य लेप त्वचेची कांती सुधारतो व मग धुतला जातो. हायलायटर कांतीचा आभास वर ठेवतो. दोघांनाही जगात जागा आहे. परंतु फार्मसीचालकांना आपल्या शास्त्राच्या बळावर बाजारात उभे राहावयाचे असेल, तर त्यांचे क्षेत्र पहिले आहे. ऋतुपरत्वे सहा लेप ग्रंथात तयार आहेत. ते ताजे, योग्य सूचनांसह देणाऱ्या किती फार्मसी आज आपल्या जिल्ह्यात आहेत?

आणखी एक बाब, जिच्याकडे अभ्रकाशी पिढ्यान्‌पिढ्या संबंध असलेल्या आपल्या व्यवसायाने डोळेझाक करू नये. झारखंडातील कोडरमा, गिरिडीह आणि बिहारमधील नवादा या पट्ट्यातील अभ्रकाचा मोठा भाग बंद पडलेल्या व विनापरवाना खाणींतून, ढिगारे उकरून गोळा होतो. त्यात लहान मुलेही राबतात, काही दरडीखाली दगावली, हे २०१६ साली वृत्तसंस्थेच्या शोधातून जगापुढे आले. पुढे २०१७ मध्ये खरेदीदार उद्योगांनी जबाबदार खरेदीसाठी संघटना स्थापन केली. अभ्रकाची पूड भरणाऱ्या आपल्याच कामगारांच्या फुप्फुसांचाही विचार करावा. भस्मासाठी अभ्रक घेणाऱ्या फार्मसींनी तरी ते कोठून आले हे लेखी मागावे.

आपल्या सभासदांपैकी ज्यांच्याकडे वर उल्लेखिलेले प्रस्ताव आले असतील त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी घटकांची पूर्ण यादी आणि तपासणी अहवाल घेऊन पुढील मासिक सभेस यावे, अशी आमची सूचना आहे. यादी सर्वांसमोर वाचली जाईल, आणि त्यातील कोणते द्रव्य कोणत्या ग्रंथात आहे ते प्रस्ताव आणणाऱ्यानेच दाखवावे.