पत्ते पिसायचे असतात

परवा एका मित्राकडे गेले होते. हा जुने टॅरोचे संच जमवतो. काचेचं कपाट, आत बारीक दिवे आणि दिव्यांखाली ओळीने डबे. त्यातला एक त्याने दोन्ही हातांनी अलगद काढला. "सत्तरच्या दशकातला आहे, स्विस. बघ, वरचं प्लॅस्टिकसुद्धा फाटलेलं नाही!"

"आतले पत्ते कसे आहेत?"

"मला काय माहीत? उघडला तर किंमत निम्मी!"

मंडळी, आता सांगा. पेटी विकत आणायची, पण भाता उघडायचा नाही, कारण सूर लागला तर ती जुनी होईल! याला संग्रह म्हणायचं का? मला विचाराल तर ही बिनव्याजी मुदतठेव आहे.

आधी कबुली देते. माझ्याकडेही दीड डझन संच आहेत आणि त्यातले दोन परवापर्यंत बंदच होते. त्यामुळे पुढचं सगळं थोडं मलाही लागू आहे.

टॅरो जन्माला आले ते पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत, आणि खेळ म्हणून. चार रंगांचे ५६ पत्ते, २१ हुकूम आणि एक 'वेडा', असे एकूण ७८. आपण मेंढीकोटात चारांतला एक रंग हुकुमाचा करतो, इथे हुकमाचा पाचवा रंगच वेगळा. बाकी तेच. हात करायचे आणि शेवटी गुण मोजायचे. हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गूढ ज्ञान, अशी पुडी सोडली ती कूर द जेबलँ या फ्रेंच गृहस्थांनी, १७८१ साली. गंमत म्हणजे तेव्हा इजिप्तची चित्रलिपी युरोपात कुणाला वाचताही येत नव्हती. शाँपोलियाँने तिचा उलगडा केला १८२२ मध्ये! म्हणजे तीनशेहून जास्त वर्षं लोक या पत्त्यांनी निवांत खेळत होते आणि कुणाला त्यात पिरॅमिड दिसला नव्हता.

भविष्य सांगणाऱ्यांवर माझा राग आहे असं समजू नका. ते निदान पत्ते पिसतात तरी. त्यांच्या पत्त्यांचे कोपरे झिजतात, पाठीला हाताचा घाम लागतो. कपाटवाल्यांपेक्षा ते पत्त्यांच्या जास्त जवळचे.

त्याच मित्राला मी माझा ऑस्ट्रियन 'टारोक'चा संच दाखवला होता. त्याने मोजले. चोपन्न. "फसवलं तुला. चोवीस पत्ते गहाळ आहेत." अरे बाबा, तो संच चोपन्नचाच असतो! २२ टारोक आणि चार रंगांचे आठ-आठ. काळ्या रंगांत चार चित्रं आणि सात ते दहा. लाल रंगांत चार चित्रं आणि एक ते चार. असं का? तर लाल रंगांत लहान आकडा मोठ्याला मारतो, म्हणून तिथे लहान आकडे ठेवले आणि मोठे काढून टाकले. एक डाव खेळलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. व्हिएन्नात फ्रॉइडसाहेब शनिवारी मित्रांबरोबर हाच खेळ खेळत बसायचे. पंचवीस वर्षं संग्रह करणाऱ्या माझ्या मित्राला मात्र तो संच फुटका वाटला.

आणि ही उलटी मोजणी आपल्या दशावतारी गंजिफातही आहे. दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, म्हणजे १२० गोल पत्ते. निम्म्या रंगांत दश्शी मोठी, निम्म्यांत एक्का मोठा.

गंजिफाचं नाव काढलं की मला माझीच लाज वाटते. काही वर्षांपूर्वी एका जुन्या वस्तूंच्या विक्रेत्याकडून मी दहा राजे घेतले होते, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, एकाच फ्रेममध्ये. झकास दिसत होते. आमची आत्या सावंतवाडीची. तिच्या लहानपणी घरात वडीलधारी मंडळी गंजिफा खेळायची. मोठ्या तोऱ्यात तिला फ्रेम दाखवली. तिने चष्मा पुसून एकेक राजा नीट बघितला आणि विचारलं, "आणि बाकीचे एकशेदहा खंय गेले गो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुणीतरी पूर्ण संच फोडला होता, राजे माझ्या भिंतीवर आले आणि उरलेल्यांचं काय झालं देव जाणे. राजांशिवाय त्या पत्त्यांनी कुणी कधी खेळू शकणार नाही. आणि तो संच फोडणारे हात विक्रेत्याचे असले, तरी तो फोडायचं कारण मी होते. माझ्यासारखी गिऱ्हाइकं होती म्हणून तो फुटला.

राजेरजवाड्यांच्या पत्त्यांनाही हे चुकलेलं नाही. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्याचा सोन्याच्या वर्खाचा टॅरो संच साधारण १४५० चा. आज त्यातले ७४ पत्ते उरलेत : ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत, २६ बेर्गामोच्या कारारा अकादमीत आणि १३ कोलिओनी घराण्याकडे. एका डावाचे पत्ते तीन घरी!

आता कुणीतरी म्हणणारच, "मग काय, साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या पत्त्यांनी झब्बू खेळायचा?" नाही हो. ते जपायलाच हवेत. पण छापखान्यातून हजारोंनी निघालेला सत्तरच्या दशकातला संच म्हणजे व्हिस्कोंती नव्हे. आणि जपायचं म्हणजे नुसता पुठ्ठा जपायचा नाही. सिल्व्हिया मान नावाच्या इंग्लंडमधल्या संग्राहक बाई होत्या. हे पत्ते कुठले आणि त्यांनी काय खेळायचे, हे त्या शोधत राहिल्या. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ मायकेल डमेट यांनी त्यांच्या मदतीने १९८० साली टॅरोच्या खेळांवर जाडजूड ग्रंथ लिहिला, म्हणून ते खेळ आज आपल्याला वाचता येतात. संग्राहक असावा तर असा!

आपल्याकडे सावंतवाडीच्या राजवाड्यात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी गंजिफाची कला १९७० च्या दशकात पुन्हा उभी केली. त्यामुळे नवे संच मिळतात तरी. पण घेणारे आपण काय करतो? भिंतीवर लावतो. रंगवणारे हात वाचले, खेळणारे हात चालले.

त्या दिवशी मी आत्याला विचारलं, खेळायचे कसे, सांग ना. तिला एवढंच आठवलं : दिवसा ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री ज्याच्याकडे कृष्ण त्याची. "पुढचं बाबांना माहीत होतं गो. आम्ही मुली नुसत्या बघायचो."

म्हणून नातेवाईक मंडळींना हात जोडून विनंती. कुणाच्या माळ्यावर गंजिफाची पेटी असेल, तर एकेक पत्ता विकू नका, कुणाला आठवण म्हणूनही देऊ नका. आधी मोजा. आणि घरात खेळ येणारं कुणी असेल, तर आजच वही घेऊन बसा.

मी काय केलं? गेल्या रविवारी दोन्ही बंद संच उघडले. किंमत निम्मी झाली असेल. शेजारच्या मुलांना बसवून टारोकचा डाव मांडला. कुणाच्या तरी चहाचा एक गोल डाग आता 'वेड्या'च्या पाठीवर आहे. फ्रेम मात्र अजून भिंतीवरच आहे. ती उतरवून ते दहा राजे कुणाकडे परत द्यायचे, ते काही कळत नाही.