आजीची परीक्षा की तिच्या शाळेची?

आपल्या वस्त्यांत म्हातारे माणूस तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले की घरचे म्हणतात, "वय झाले, साठी बुद्धी नाठी." कुणी दवाखान्यात नेलेच, तर दहा मिनिटांत प्रश्नांचा कागद भरून डिमेन्शियाचा शिक्का घेऊन परततात. या दोन्ही गोष्टींना आमचा विरोध आहे.

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. तो वयाचा भाग नसून मेंदूचा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार साठीपुढच्या शंभर भारतीयांत सुमारे सात जणांना, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना तो आहे. स्त्रियांत आणि खेड्यांत प्रमाण अधिक दिसले. म्हणून तपासणी हवीच. पण कोणती?

जगभर खूप वापरली जाणारी एक चाचणी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तिला मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन, थोडक्यात एमएमएसई म्हणतात. एकूण गुण ३०. साधारणपणे २४ च्या खाली गुण आले की आजाराचा संशय घेतात. आता प्रश्न पाहा. शंभरातून सात-सात वजा करत जा, याला ५ गुण. कागदावरचे वाक्य वाचून तसे करा, १ गुण. स्वतः एक वाक्य लिहा, १ गुण. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन पाहून काढा, १ गुण. हे ८ गुण पाटी-पेन्सिलीशी बांधलेले आहेत. कधी शाळेत न गेलेल्या आजीने बाकी सगळी उत्तरे बरोबर दिली, तरी तिचे गुण होतात २२. म्हणजे मेंदू शाबूत असूनही ती नापास!

ती शाळेत का गेली नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको. १९६१ च्या जनगणनेत देशभरातील अनुसूचित जातींच्या स्त्रियांत साक्षरता होती अवघी ३.२९ टक्के. त्या वेळच्या मुली आज सत्तरी-पंच्याहत्तरीच्या आजी आहेत. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन आयुष्यभर चोख हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या हातात पेन दिला की तिचा हात थरथरतो. ज्यांना शाळेचे दार बंद होते, त्यांच्या मेंदूचे माप शाळेच्या पट्टीने घ्यायचे, हा अन्याय आम्हाला मान्य नाही.

दुसरी पट्टी आहे. १९९० च्या दशकात हरियाणातील बल्लभगड भागातल्या निरक्षर वृद्धांसाठी हीच चाचणी बदलून हिंदीत तयार केली गेली. वाचायला लावण्याऐवजी तपासणारा म्हणतो, "माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा," आणि डोळे मिटतो. वाक्य लिहायचे नाही, तोंडाने सांगायचे. वजाबाकीही सोपी, विसातून तीन-तीन. त्याच भागात घरच्यांना विचारायची एक प्रश्नावलीही तयार झाली. माणसाला रोजची कामे पूर्वीसारखी जमतात का, हे त्यातून कळते. त्याला अक्षरओळख लागत नाही.

मात्र याचा अर्थ "आपली आजी अडाणी आहे, म्हणून गुण कमी आले" असे म्हणून घरी बसावे असा नाही. कमी शिकलेल्यांना या आजाराचा धोका उलट जास्त असतो. आणखी एक गैरसमज सोडा. "आजीला १९५६ ची दीक्षाभूमी आठवते, मग तिला कसला विसराळूपणा?" या आजारात जुनी आठवण बराच काळ टिकते, ताजी आधी जाते. सकाळी जेवल्याचे संध्याकाळी आठवत नाही, नेहमीच्या गल्लीत वाट चुकते, रोजचा चहा करताना पायरी विसरते, पैशांच्या व्यवहारात गोंधळते, अशा गोष्टी पाहा.

दवाखान्यात जाताना घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने या गोष्टी वहीत लिहून न्याव्यात: काय बदलले, केव्हापासून, हळूहळू की अचानक. आजीचा चष्मा आणि कानाचे यंत्र असेल तर सोबत घ्या. ऐकू न आलेल्या प्रश्नाचे उत्तर कोण देणार? चालू असलेल्या सगळ्या गोळ्याही न्या. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "आई शाळेत गेलेली नाही. तिला जमेल अशी चाचणी घ्या, आणि आमचेही ऐकून घ्या." बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी झाली का, ते विचारा. या दोन्हींची कमतरता, मनाची उदासी, झोपेच्या गोळ्या, दारू, पडल्यावर डोक्यात साकळलेले रक्त यांनीही विसर पडतो आणि यातले बरेच काही उपचाराने सुधारते. दोन-चार दिवसांत एकाएकी भ्रम झाला, तर मात्र वही लिहीत बसू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

चाचणीचे गुण म्हणजे निदान नव्हे. गुण, घरच्यांची माहिती, शरीराची तपासणी आणि रक्ताचा अहवाल एकत्र पाहूनच निदान होते. सरकारी रुग्णालयांत निरक्षर वृद्धांसाठी मराठीतली योग्य चाचणी आणि ती घेणारा प्रशिक्षित माणूस असला पाहिजे, ही मागणी आपल्या महिला मंडळांनी लेखी द्यावी. शिक्षण नाकारले गेले ती जुनी पिढी आता थकली आहे. तिच्या म्हातारपणी तरी तिला न्याय मिळावा, एवढे आपल्या हातात आहे.

जय भीम.