से म्हंजे काय जी?

धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा वाद आहे. शेजाऱ्यानं दिवाणी दावा टाकला आणि दाव्यासोबत निशाणी पाचचा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा अर्ज जोडला. कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली वकील फाइल उघडून सांगतात, ‘पुढच्या तारखेला आपल्याला से द्यायचा आहे.’ समोर उभा असलेला शेतकरी क्षणभर गप्प राहतो, मग विचारतो, ‘से म्हंजे काय जी?’

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही तालुक्याच्या कोर्टाबाहेर हा प्रश्न ऐकू येऊ शकतो, कारण ‘से’ हा महाराष्ट्रातल्या न्यायालयांचा रोजचा शब्द आहे. एका पक्षानं अर्ज दिला की न्यायाधीश त्याच अर्जावर इंग्रजीत छोटी ओळ लिहितात, ‘अदर साइड टु से’. दुसऱ्या बाजूनं आपलं काय ते सांगावं, एवढाच तिचा अर्थ. ही ओळ इतकी मुरली आहे की तिच्यातलं क्रियापद केव्हाच नाम होऊन बसलं. आता से ‘दाखल होतो’, से ‘बाकी असतो’, सेसाठी मुदत मागता येते. मुदतीत दिला नाही तर ‘नो से’ असा आदेश होतो आणि पुढची सुनावणी त्या माणसाच्या म्हणण्याशिवाय चालते. इंग्रजीतही ‘से’ नामासारखा वापरतात, नाही असं नाही. पण एखाद्या बाबतीत आपलं मत मांडायला मिळणं किंवा ते चालणं एवढीच त्याची तिथली धाव. अर्जाला दिलेलं लेखी उत्तर असा त्याचा घट्ट अर्थ इकडच्या कोर्टांनी घडवला.

गंमत अशी की कोर्टाच्या मराठीला शब्दांचं दारिद्र्य कधीच नव्हतं. दाव्याच्या उत्तराला कैफियत, एक्झिबिटला निशाणी, इंजंक्शनला मनाई हुकूम. हे शब्द खेड्यातल्या माणसालाही निदान ओळखीचे वाटतात. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या न्यायालयांची भाषा मराठी असल्याचं राज्य सरकारनं 1998 साली जाहीरही केलं. तरी जो शब्द सर्वांत सोपा होता, ज्याला अगदी घरातला प्रतिशब्द तयार होता, नेमका तोच इंग्रजीत राहिला. ‘से’ म्हणजे म्हणणं. शब्दाला शब्द, अर्थाला अर्थ. त्यासाठी ना परिभाषा कोशाची गरज होती, ना समितीची.

आणि त्या शेतकऱ्याच्या प्रश्नातच उत्तर होतं. ‘से म्हंजे काय’ यातलं ‘म्हंजे’ कुठून आलं? म्हणणे या क्रियापदातूनच. इंग्रजी ‘से’चा अर्थ विचारताना त्याच्या तोंडात मराठी ‘से’ होता.

मराठीत बोलण्याची क्रियापदं तीन: बोलणे, सांगणे, म्हणणे. इंग्रजीच्या तासाला मास्तर ‘से, टेल, स्पीक, टॉक’ यांचे फरक फळ्यावर लिहून घेतात आणि पोरं वैतागतात. पण आपल्या तिघांमधला फरक त्याच पोरांना कुणी न शिकवता येतो. बोलणे ही नुसती क्रिया. तोंडातून आवाज निघाला, झालं. म्हणूनच ती जास्त झाली की बोलणी खावी लागतात, लग्नाआधी बोलणी होतात, संकटात नवस बोलला जातो, आणि ‘सासू बोलली’ एवढ्यावर कळतं की काही गोड बोलली नाही. सांगणे मात्र ऐकणाऱ्याशिवाय होत नाही. मुलीला स्थळ सांगून येतं. कापूस फुटला की शेतकरी आदल्या संध्याकाळी वस्तीत जाऊन वेचणीला बाया सांगून येतो. इथं ‘सांगणं’ म्हणजे बातमी देणं नव्हे, कामावर ठरवणं. वऱ्हाडी माणूस त्याचंच ‘सांगतलं’ करतो. प्रमाण मराठीच्या ‘सांगितलं’पेक्षा ते उच्चारायला सोपं.

म्हणणे या दोघांहून वेगळं. त्यात आशय लागतो. माणूस तासभर बोलू शकतो आणि त्याचं म्हणणं काय ते कळत नाही, याचा अनुभव सभांना जाणाऱ्या प्रत्येकाला आहे. उलट ज्याला तोंडच नाही त्यालाही म्हणणं असतं. ‘तब्येत काय म्हनते?’, ‘पाऊस काय म्हनते तुमच्याकडं?’ आणि दिवाळीनंतर या जिल्ह्यात जो प्रश्न रामरामाच्याही आधी येतो तो, ‘भाव काय म्हनते?’ कापसाचा भाव इथं नुसता असत नाही, तो काहीतरी म्हणत असतो, आणि बहुधा मनासारखं म्हणत नाही. मे महिन्यात ऊन ‘मी’ म्हणतं. एकच सर्वनाम, पण यवतमाळच्या दुपारी घराबाहेर पडलेल्याला त्याचा अर्थ वेगळा समजवावा लागत नाही. गाणं, आरती, पाढे हे सगळं मराठी माणूस म्हणतो. म्हणता म्हणता वर्ष सरतं. आणि गावोगाव ऐकलेल्या कीर्तनांत कवीची सही याच क्रियापदानं होते: तुका म्हणे, नामा म्हणे. मोझरीच्या तुकडोजी महाराजांच्या भजनांतही ‘तुकड्या म्हणे’ येतंच.

या शब्दाचं कूळ जुनं. संस्कृतातला भण् धातू, प्राकृतातलं भणइ, तिथून मराठी म्हणणे. यवतमाळच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्र सिद्ध केलं. त्यातल्या लीळांमध्ये चक्रधर काही बोलले की ‘म्हणितलें’ हे रूप पुन्हा पुन्हा येतं. मराठी गद्याच्या त्या पहिल्या मोठ्या ग्रंथाचा कणा म्हणजे कोण काय म्हणालं याची काटेकोर नोंद. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे.

पण म्हणणेची खरी करामत त्याच्या लेकरांत दिसते. म्हणून, म्हणजे आणि म्हणे. ‘पाऊस आला म्हणून थांबलो’ यात कुणी काही म्हणालेलं नाही, तरी कारण सांगायचं काम बोलण्याच्या क्रियापदाकडे आहे. ‘येतो म्हणून गेला’ यात ते अवतरणचिन्हाचं काम करतं. ‘गणेश म्हणून एक पोरगा होता’ यात नाव सांगतं. जुन्या मराठीतल्या ‘म्हणिजे’चा अर्थ ‘म्हटले जाते’. त्याचं झालेलं ‘म्हणजे’ आज व्याख्या करतं, अट घालतं, अडखळलेल्या वक्त्याला दम खायला जागाही देतं. आणि ‘म्हणे’? ते तर पत्रकारितेतल्या ‘कथित’, ‘कळते’, ‘सूत्रांनुसार’ या सगळ्यांचं काम दोन अक्षरांत उरकतं. ‘त्यानं म्हणे जमीन विकली.’ खरं असेल, नसेलही. सांगणाऱ्यानं हात वर केलेले.

म्हणण्याच्या क्रियापदाकडून अशी कामं करून घेण्याचा हा प्रकार हिंदीत या प्रमाणात नाही, इंग्रजीत तर नाहीच. मग मराठीनं तो उचलला कुठून? उत्तरासाठी पांढरकवड्याहून हैदराबादच्या रस्त्यानं दक्षिणेला निघावं. पाटणबोरी मागे पडते, पैनगंगा ओलांडली की तेलंगणाचा आदिलाबाद जिल्हा. तिथं तेलुगू माणूस बोलताना दर चार वाक्यांनंतर ‘अंटे’ म्हणतो. ‘अनु’ म्हणजे म्हणणे, आणि ‘अंटे’ म्हणजे म्हणजे! त्याच धातूचं ‘अनि’ हे रूप आपल्या ‘म्हणून’सारखं वाक्याच्या शेवटी येऊन बसतं. कन्नडमध्ये त्याच जागी ‘अंदरे’ आणि ‘अंत’. अगदी तुर्कीतही ‘म्हणणे’ या अर्थाच्या ‘देमेक’पासून झालेलं ‘दिये’ कारण आणि हेतू दाखवतं. पण तुर्कस्तान लांब, पैनगंगा जवळ.

नदीच्या अलीकडेही द्राविडी शेजार आहेच. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या तालुक्यांत कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत आणि त्यांची कोलामी ही द्राविडी घरातली भाषा. मरे एमेनो या अमेरिकेतल्या भाषाशास्त्रज्ञानं 1955 साली कोलामीवर अख्खा ग्रंथ लिहिला. पुढच्याच वर्षी त्याचा तो गाजलेला निबंध आला, ज्यात वेगवेगळ्या कुळांच्या भाषा शेजारानं एकमेकींसारख्या कशा होतात हे त्यानं मांडलं. मराठीचं ‘म्हणून’ त्याच शेजाराचं फळ आहे असं अनेक अभ्यासक मानतात. संस्कृतातल्या ‘इति’चाही वाटा त्यात असणार. तरीही पोडावरच्या पोराची मराठी ऐकून जे हसतात, त्यांनी आपल्या वाक्यातला ‘म्हणून’ एकदा उलटून बघावा. प्रमाण म्हणून मिरवणाऱ्या मराठीची चौकट अशाच शेजाऱ्यांनी बांधायला मदत केलेली आहे.

तर असं हे कर्तबगार क्रियापद. त्याला सध्या दोन्ही बाजूंनी कुरतडलं जातंय. एका बाजूला कोर्टातला ‘से’. दुसऱ्या बाजूला मुंबईतून आणि टीव्हीच्या पडद्यावरून येणारं ‘मी त्याला बोललो’. ‘मी त्याला म्हणालो’ किंवा ‘मी त्याला सांगितलं’ याच्या जागी सगळीकडे ‘बोललो’. हिंदीतलं ‘बोला’ तसंच्या तसं येऊन बसलेलं. ‘आई बोलली लवकर ये’ असं वाक्य मालिकेत ऐकलं की जुन्या माणसाला क्षणभर वाटतं, आई रागावली की काय!

इथं शुद्धतेचा झेंडा घेऊन उभं राहण्याचं कारण नाही. वऱ्हाडीनं हिंदीकडून कमी घेतलेलं नाही. ‘करून राह्यला’, ‘येऊन राह्यली’ ही चालू काळाची रूपं तिकडच्याच वळणाची, आणि त्यांनी वऱ्हाडीचं काही बिघडलं नाही. उलट ‘तो जेवतो’ आणि ‘तो जेवून राह्यला’ असा एक स्पष्ट फरक हाती लागला. नव्या शब्दानं फरक वाढवला तर त्याचं स्वागत करावं. ‘बोललो’ मात्र फरक पुसतं. क्रिया, निरोप आणि आशय या तिन्हींना एकाच पोत्यात भरतं. तक्रार हिंदीबद्दल नाही, त्या पोत्याबद्दल आहे.

वर्तमानपत्रंही साळसूद नाहीत. नेता साधा ‘म्हणाला’ असं छापायची जणू लाज वाटते. तो प्रतिपादन करतो, अधोरेखित करतो, नमूद करतो, टोला लगावतो, खडे बोल सुनावतो. मूळ वाक्य बहुतेक वेळा ‘रस्त्याचं काम लवकर सुरू होईल’ एवढंच असतं.

बोलणं आणि म्हणणं यांतला फरक यवतमाळनं एकदा फार जवळून पाहिला आहे. जानेवारी 2019 मध्ये इथं 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. गावाला संमेलन नवं नव्हतं. 1973 साली ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखालीही ते इथं झालं होतं. या वेळी अध्यक्षा अरुणा ढेरे, आणि उद्घाटनाला लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलेलं. ऐन वेळी आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. सहगल यवतमाळला बोलल्या नाहीत. पण त्यांचं भाषण लिहून तयार होतं. ते वर्तमानपत्रांतून छापलं गेलं, मराठीत आलं, आणि मंडपात बसून जितक्यांनी ऐकलं असतं त्याहून कितीतरी जास्त लोकांनी वाचलं. बोलणं थांबलं होतं, म्हणणं पोचलं होतं. ‘त्या काय बोलणार होत्या’ यापेक्षा ‘त्यांचं म्हणणं काय होतं’ याचीच चर्चा पुढे झाली.

उद्घाटन शेवटी कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांनी केलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची ही पत्नी, ‘तेरवं’ या नाटकातून रंगमंचावर उभी राहिलेली. या जिल्ह्यातल्या शेतकरी विधवांबद्दल त्याआधी वर्षानुवर्षं पुष्कळांनी बोलून झालं होतं: पथकं आली, समित्या आल्या, कॅमेरे आले. त्यांना स्वतःचं म्हणणं आहे, आणि ते त्यांच्याच तोंडून ऐकायचं असतं, ही गोष्ट मात्र त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्रासमोर आली. मूळ निमंत्रण मागे घेण्याची नामुष्की त्यानं धुतली गेली असं समजायचं कारण नाही. दोन्ही गोष्टी एकाच मांडवात घडल्या.

म्हणून कोर्टातला तो एका अक्षराचा शब्द किरकोळ नाही. ‘से’ दाखल करायला सांगितलेला माणूस तो वकिलाचा कागद समजतो. आपलं म्हणणं मागितलंय हे कळलं तर तो बोलायला लागतो: धुऱ्यावरची बोर कुणी लावली, मोजणी केव्हा झाली, पाणी कुठून वाहतं, शेजाऱ्याचा बाप काय कबूल करून गेला होता. यातलं निम्मं वकिलाच्या कामाचं नसतं, पण उरलेलं निम्मं दुसऱ्या कुणाला ठाऊकच नसतं. अर्जावरच्या शेऱ्यात ‘प्रतिवादीने म्हणणे द्यावे’ एवढं लिहायला कायद्यात बदल लागत नाही. काही ठिकाणी तसं लिहिलंही जातं. रोजच्या तोंडी भाषेत मात्र से तो से.

संध्याकाळच्या एसटीनं तो शेतकरी घरी पोचतो. ओसरीवर बसलेली म्हातारी विचारते, ‘काय म्हने रे वकील?’

पायातल्या चपला काढता काढता तो सांगतो, ‘म्हने, तुमचं म्हननं द्या म्हने.’